मेडिकलच्या आधीची चार वर्षं

आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि त्यांच्याकडे कुठलीही पदवी नव्हती. ती कुणी मागितलीही नाही. त्या काळी अमेरिकेत डॉक्टर होण्यासाठी आधी पदवीधर असावं लागत नसे. तीन वर्षांचा अभ्यास करून मार्च १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. आज त्याच फिलाडेल्फियाच्या एखाद्या उपनगरातल्या मराठी घरात मुलगी ‘मला डॉक्टर व्हायचंय’ म्हणाली, तर तिला आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल आणि त्यापुढे तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण, एवढी मजल मारावी लागते. आणि घरात पहिला वाद होतो तो मेडिकल स्कूलवरून नव्हे, त्याआधीच्या कॉलेजवरून.

महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या आईवडिलांना हा वाद समजायलाच वेळ लागतो. आपल्याकडे बारावी झाली, नीट दिली की निकाल काय तो समोर. केईएम, बीजे, ग्रँट ही नावं म्हणजे थेट डॉक्टरकीची कॉलेजं. तिथे नंबर लागला की लागला. अमेरिकेत पदवीच्या कॉलेजात नंबर लागल्याने डॉक्टरकीचा काहीच निकाल लागत नाही. तरी सवयीने आपण तिथेही नावच शोधतो. ओळखीच्या कुणाची मुलगी आयव्ही लीगच्या एखाद्या नामांकित कॉलेजात गेली आणि पुढे डॉक्टर झाली, म्हणजे वाट तीच, असा हिशेब मांडला जातो. तो कितपत खरा आहे? नावाचं वजन किती, गुणांचं किती, पैशाचं किती, आणि घर कोणत्या राज्यात आहे याचं किती?

पदवीची अट कुठून आली

१८९३ साली बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल उघडलं आणि त्याने येणाऱ्याकडे पदवी हवी अशी अट घातली. बाकीच्या बहुतेक शाळा तेव्हा फी भरेल त्याला घेत होत्या. पुढे कार्नेगी फाउंडेशनच्या वतीने अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ मेडिकल स्कूल्सची पाहणी केली. त्यांचा १९१० सालचा अहवाल इतका झोंबणारा होता, की पुढच्या काही वर्षांत निकृष्ट शाळा एकामागून एक बंद पडल्या. डॉक्टर होणाऱ्याने आधी कॉलेजात जीवशास्त्र, रसायन आणि भौतिकी पक्कं करून यावं, हा विचार त्या अहवालाने रुजवला.

शंभराहून अधिक वर्षांनंतरही अटींची यादी फारशी हललेली नाही. प्रयोगशाळेसह जीवशास्त्र, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्री, थोडं इंग्रजी आणि थोडं संख्याशास्त्र. एमकॅट ही प्रवेशपरीक्षा २०१५ साली बदलली, तेव्हा तिच्यात मानसशास्त्र आणि समाजशास्त्र आलं. ४७२ ते ५२८ असे तिचे गुण असतात आणि परीक्षागृहात जवळजवळ अख्खा दिवस जातो.

म्हणजे ‘प्री-मेड’ ही पदवी नव्हे, ती एक वाट आहे. पदवी इतिहासात घ्या, संगीतात घ्या, हे आठ-दहा विषय नीट पार पाडले की अर्ज करता येतो. अर्जदारांत निम्म्याहून अधिक मुलं जीवशास्त्राशी संबंधित विषयांची असतात हे खरं. पण इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान अशा विषयांतल्या मुलांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण त्यांच्यापेक्षा कमी नाही, बहुतेक वर्षी थोडं जास्तच दिसतं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलने १९८७ पासून मानव्यशाखेच्या काही मुलांना ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स आणि एमकॅटशिवाय घ्यायला सुरुवात केली. ती मुलं पुढे बाकीच्यांच्या बरोबरीने चालली, असं डेव्हिड म्युलर आणि नेथन केस यांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. तेव्हा ‘बायोलॉजी घेतली नाही तर डॉक्टर कशी होणार’ ही चिंता पालकांनी पहिल्यांदा सोडावी. जो विषय आवडतो त्यात गुण चांगले पडतात, आणि गुणांचं महत्त्व इथे फार आहे.

नावाचं वजन

एम.डी. देणाऱ्या अमेरिकी मेडिकल स्कूल्ससाठी २०२४ साली सुमारे ५२ हजार जणांनी अर्ज केले आणि सुमारे २३ हजारांना जागा मिळाली. आत गेलेल्यांचा सरासरी जीपीए, म्हणजे कॉलेजातल्या गुणांची सरासरी, चारपैकी ३.८ च्या आसपास आणि एमकॅट ५१२ च्या आसपास होता. प्रत्येक मेडिकल स्कूलपुढे हजारो अर्ज येतात, आणि पहिल्या चाळणीत हेच दोन आकडे बघितले जातात. कॉलेजचं नाव त्यानंतर येतं.

पण नाव येतं, हेही खरं. मेडिकल स्कूल्सची संघटना, म्हणजे एएएमसी, प्रवेश समित्यांना विचारते तेव्हा खासगी मेडिकल स्कूल्स अर्जदाराच्या कॉलेजच्या दर्जाला सरकारी शाळांपेक्षा जास्त महत्त्व देतात असं दिसतं. संशोधनावर भर देणाऱ्या बड्या शाळांच्या वर्गांत आयव्ही लीगची मुलं भरपूर आढळतात. मात्र ती कॉलेजमुळे तिथे पोहोचली, की मुळात हुशार आणि संधी असलेली होती म्हणून आधी त्या कॉलेजात आणि मग तिथे पोहोचली?

हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनी वेगळ्या संदर्भात तपासला आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ साली एक युक्ती केली. नामांकित कॉलेजात प्रवेश मिळूनही दुसरीकडे गेलेल्या मुलांची त्यांनी नामांकित कॉलेजात गेलेल्यांशी तुलना केली. पुढच्या कमाईत बहुतेकांच्या बाबतीत फरक नव्हता. गरीब घरांतल्या मुलांना मात्र नामांकित कॉलेजचा फायदा झाला. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचा २०२३ चा अभ्यास याला थोडी मुरड घालतो: सरासरी कमाईत फारसा फरक नसला, तरी अगदी वरच्या एक टक्का उत्पन्नात पोहोचण्याची शक्यता आयव्ही दर्जाच्या कॉलेजमुळे वाढते. हे दोन्ही अभ्यास पगाराचे आहेत, डॉक्टरकीचे नव्हेत. पण डॉक्टरकीत तर शेवटी एम.डी. होणाऱ्या सगळ्यांना एकच परवाना परीक्षा आणि तीच रेसिडेन्सी. तिथे पदवीच्या कॉलेजच्या नावाला उरणारी किंमत आणखी कमी.

दुसऱ्या बाजूने बघायचं, तर मेडिकल स्कूलसाठी सर्वाधिक अर्जदार पाठवणाऱ्या कॉलेजांत आयव्ही लीग आघाडीवर नाही. दर वर्षी हजाराहून अधिक अर्जदार पाठवणारं यूसीएलए, मिशिगन, टेक्ससचं ऑस्टिन, फ्लोरिडा ही सगळी सरकारी विद्यापीठं आहेत. अमेरिकेतले पुष्कळसे डॉक्टर आपापल्या राज्याच्या विद्यापीठातूनच येतात.

चाळणीचे वर्ग

नाव मोठं म्हणून कॉलेज निवडण्यात एक धोका असतो, आणि तो पालकांच्या लक्षात बहुधा पहिल्या सेमिस्टरनंतर येतो. शाळेत पहिल्या आलेल्या शंभर मुलांना एका वर्गात बसवलं, तर त्यातलं एक शेवटचं येणारच. हर्बर्ट मार्श या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात दाखवलं, की सारखीच कुवत असलेलं मूल हुशारांच्या गर्दीत स्वतःला कमी लेखायला लागतं आणि साधारण वर्गात त्याचा आत्मविश्वास टिकतो. आपण ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ असं हिणवून म्हणतो. प्री-मेडच्या बाबतीत त्या गायीचं बरं चालतं, कारण जीपीएच्या रकान्यात वासरं किती होती हे लिहिलेलं नसतं.

अनेक मोठ्या विद्यापीठांत पहिल्या वर्षीचं केमिस्ट्री आणि दुसऱ्या वर्षीचं ऑरगॅनिक हे वर्ग चाळणीसारखे चालतात. तीनशे-चारशे मुलं एका सभागृहात, परीक्षा कठीण, आणि वरच्या श्रेणी ठरावीक प्रमाणातच वाटायच्या. २०२२ साली न्यूयॉर्क विद्यापीठात यावरून मोठा गाजावाजा झाला. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पाठ्यपुस्तकाचे लेखक मेटलंड जोन्स यांच्या वर्गातल्या सुमारे साडेतीनशे मुलांपैकी ८२ जणांनी परीक्षा फार कठीण असल्याची तक्रार केली आणि विद्यापीठाने त्यांचा करार संपवला. देशभर दोन तट पडले. एक म्हणे, उद्याच्या डॉक्टरांना ऑरगॅनिक झेपायलाच हवं. दुसरा म्हणे, शिकवण्यापेक्षा गाळण्यावर भर असेल तर तो शिक्षकाचाही दोष. प्रिन्स्टनने २००४ साली प्रत्येक विभागात ‘ए’ श्रेणी साधारण ३५ टक्क्यांपर्यंतच द्यावी असं धोरण आणलं होतं. मुलांचे पुढचे प्रवेश अडतात ही तक्रार दहा वर्षं चालली आणि २०१४ साली ते धोरण मागे घेतलं गेलं.

गळतीचा अभ्यास स्टॅनफर्डच्या डोनाल्ड बार यांनी केला. त्यांच्या २००८ सालच्या निबंधात असं दिसतं, की डॉक्टर व्हायचं ठरवून आलेल्या मुलांचा उत्साह पहिल्या दोन वर्षांत ओसरतो. विशेषतः मुलींचा आणि अल्पसंख्य समाजांतल्या मुलांचा उत्साह जास्त ओसरला. त्याचं सर्वांत मोठं कारण होतं केमिस्ट्रीचे वर्ग. गळालेली मुलं काही मठ्ठ नव्हती, ती स्टॅनफर्डची होती.

याच्या अगदी उलट टोकाला न्यू ऑर्लिन्सचं झेवियर विद्यापीठ आहे. कृष्णवर्णीयांसाठी उभं राहिलेलं हे छोटं कॅथलिक कॉलेज. पैसा बेताचा, देशव्यापी नामावळीत कुठेतरी खाली. पण मेडिकल स्कूल पूर्ण करणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी घडवण्यात ते कित्येक वर्षं देशात आघाडीवर आहे. त्यांनी जादू केली नाही. नॉर्मन फ्रान्सिस १९६८ पासून २०१५ पर्यंत तिथे अध्यक्ष होते, आणि त्या काळात विज्ञानशाखेच्या प्राध्यापकांनी एक गोष्ट ठरवून केली: मुलांना गाळायचं नाही, पार न्यायचं. उन्हाळी वर्गांत पाया पक्का करायचा, गटाने अभ्यास करायची सवय लावायची, मागे पडणाऱ्याला सेमिस्टर संपेपर्यंत थांबून न राहता मध्येच हाक मारायची, मेडिकल स्कूलच्या अर्जापर्यंत पाठीशी उभं राहायचं. कॉलेज निवडताना जे बघायला हवं ते हेच. पहिली परीक्षा बिघडली तर तुमच्या मुलाला कोण हाक मारणार?

‘नव्वद टक्के प्रवेश’

कॉलेज बघायला गेलं की मार्गदर्शक अभिमानाने सांगतो, ‘आमच्या नव्वद टक्के अर्जदारांना मेडिकलला प्रवेश मिळतो.’ हे वाक्य खोटं नसतं, अर्धवट असतं. एक काल्पनिक कॉलेज घ्या. पहिल्या वर्षी चारशे मुलं प्री-मेड म्हणून येतात. केमिस्ट्रीनंतर उरतात दीडशे. अर्ज करायच्या वेळी कॉलेजची समिती साठ जणांनाच एकत्रित शिफारसपत्र देते. बाकीच्यांना ‘एखादं वर्ष थांबा’ म्हणते. साठातले चोपन्न आत जातात. झाले नव्वद टक्के. चारशेचे चोपन्न म्हणजे चौदा टक्क्यांहूनही कमी, हे कुणी बोलत नाही.

म्हणून टक्केवारी ऐकली की तीन प्रश्न विचारायचे. पहिल्या वर्षी किती मुलं प्री-मेड होती? जीपीए कितीच्या खाली असेल तर समिती पत्र देत नाही? आणि टक्केवारीत एम.डी. बरोबर डी.ओ., म्हणजे ऑस्टिओपॅथिक डॉक्टरकी, आणि कॅरिबियन बेटांवरच्या शाळाही धरल्या आहेत का? (डी.ओ. झालेला अमेरिकेत पूर्ण डॉक्टरच असतो, त्यात कमीपणा काही नाही; पण आकडा काय मोजतो ते कळलं पाहिजे.) उत्तर देताना मार्गदर्शक अडखळला, तर तेही उत्तरच.

आणि मुलाला आधीच सांगून ठेवावं: एएएमसीच्या आकड्यांनुसार सर्वांत वरच्या जीपीए-एमकॅट गटातल्यांपैकीही साधारण पाचातल्या एकाला त्या वर्षी कुठेच जागा मिळत नाही. तिथे मग कॉलेजचं नाव नाही, मुलाखत, रुग्णांबरोबरचा अनुभव, सेवेची कामं आणि अर्ज कुठे-कुठे केला याचा हिशेब चालतो.

रुग्णालय शेजारी की प्राध्यापक शेजारी

रुग्णांबरोबरचा हा अनुभव मिळवायचा कुठे? इथे कॉलेजचा आकार आणि गाव मध्ये येतं. ह्यूस्टनचं राइस विद्यापीठ टेक्सस मेडिकल सेंटरच्या समोर आहे. रस्ता ओलांडला की रुग्णालय. पिट्सबर्ग आणि क्लीव्हलँडमध्येही विद्यापीठाला खेटून मोठी रुग्णालयं आहेत. प्रयोगशाळेत काम, डॉक्टरांमागे फिरून निरीक्षण, रुग्णांसाठी स्वयंसेवा, सगळं चालत जाऊन. पण त्या दारात आपल्यासारखेच शेकडो प्री-मेड उभे असतात.

उलट ॲमहर्स्ट, स्वार्थमोर, ग्रिनेल अशी छोटी कॉलेजं. ग्रिनेल तर आयोवातल्या एका लहानशा गावात. मोठं रुग्णालय दूर, पण वर्गात वीस-पंचवीस मुलं, प्रयोगशाळेत प्राध्यापक स्वतः हजर. शिफारसपत्राचा खरा फरक इथे पडतो. चारशेच्या वर्गातल्या मुलीबद्दल प्राध्यापक काय लिहिणार? ‘हिला ए मिळाला’, एवढंच. छोट्या कॉलेजातले प्राध्यापक दोन पानं लिहू शकतात, कारण त्यांनी तिचा प्रयोग तीनदा फसलेला आणि चौथ्यांदा जमलेला पाहिलेला असतो. मोठ्या विद्यापीठात अशी ओळख होतच नाही असं नाही. तिथे ती मुलालाच करून घ्यावी लागते. अबोल मूल असेल तर पालकांनी याचा विचार करावा.

रुग्णालयातला अनुभव उन्हाळ्यात घरी येऊनही मिळवता येतो. शिवाय आता निम्म्याहून अधिक मुलं पदवीनंतर एक-दोन वर्षं थांबून, संशोधन किंवा रुग्णालयात लेखनिकाचं काम करून मगच मेडिकलला जातात. त्यामुळे चार वर्षांतच सगळं कोंबायची घाई उरलेली नाही. ‘वर्ष वाया गेलं’ ही आपली भाषा तिथे लागू पडत नाही.

पैसा

२०२५ च्या जुलैत अमेरिकेत झालेल्या एका कायद्याने या सगळ्या चर्चेचा तोल हलवला आहे. आतापर्यंत मेडिकलच्या विद्यार्थ्याला ‘ग्रॅड प्लस’ योजनेतून लागेल तेवढं सरकारी कर्ज काढता येत असे. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ती योजना बंद. डॉक्टरकीसारख्या व्यावसायिक शिक्षणाला वर्षाला जास्तीत जास्त ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर, एवढीच सरकारी कर्जाची मर्यादा. खासगी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा खर्च राहण्या-जेवणासह चार लाख डॉलरच्या घरात जातो. सरकारीही अडीच-तीन लाखांच्या आसपास. मधली तूट बँकेच्या कर्जाने किंवा घरच्या पैशाने भरायची.

आता पदवीच्या कॉलेजचा हिशेब याशेजारी ठेवा. नामांकित खासगी कॉलेजचा वर्षाचा पूर्ण खर्च ९० हजार डॉलरच्या आसपास पोहोचला आहे. स्वतःच्या राज्याच्या विद्यापीठात तो साधारण एक तृतीयांश. चार वर्षांत दोन लाखांहून जास्त फरक. नेमका तेवढाच पैसा पुढे मेडिकल स्कूलला लागणार आहे. हार्वर्ड-प्रिन्स्टनसारखी श्रीमंत कॉलेजं कमी उत्पन्नाच्या घरांना भरघोस मदत देतात. त्यांच्यासाठी नामांकित कॉलेजच स्वस्त पडू शकतं. पण दोघंही आयटीत असलेल्या मराठी जोडप्याला मदत बहुधा मिळत नाही, आणि तिथे पूर्ण पैसे भरून नाव विकत घ्यायचं की नाही, हा प्रश्न टाळता येत नाही.

फुकट मेडिकल स्कूलच्या बातम्या येतात. न्यूयॉर्क विद्यापीठाने २०१८ साली सगळ्यांची फी माफ केली. २०२४ साली रूथ गोट्समन यांच्या एक अब्ज डॉलरच्या देणगीतून ब्राँक्सच्या आइन्स्टाइन मेडिकल स्कूलने तेच केलं. पण त्या बातमीवर विसंबून पदवीला दोन लाख उधळणं म्हणजे लॉटरीचं तिकीट काढून घर बांधायला घेणं.

घर कुठल्या राज्यात

कॉलेजच्या नावापेक्षा कितीतरी पटीने जास्त परिणाम घडवणारी गोष्ट म्हणजे घरचा पत्ता. सरकारी मेडिकल स्कूल्स आपल्या राज्यातल्या मुलांना प्राधान्य देतात. टेक्ससच्या सरकारी मेडिकल स्कूल्समध्ये ९० टक्के जागा राज्यातल्यांना. मिसिसिपी विद्यापीठाचं मेडिकल स्कूल फक्त मिसिसिपीकरांना घेतं. वॉशिंग्टन विद्यापीठ शेजारच्या वायोमिंग, अलास्का, माँटाना आणि आयडाहोच्या मुलांसाठी जागा राखतं. कॅलिफोर्नियात मात्र जागांच्या मानाने इच्छुक फार. तिथली मुलं मोठ्या संख्येने दुसऱ्या राज्यांत जातात.

दुसऱ्या राज्यात कॉलेजला गेलं म्हणून तिथलं रहिवासीपण मिळत नाही. आईवडिलांवर अवलंबून असलेलं मूल साधारणपणे आईवडिलांच्या राज्याचंच राहतं. तेव्हा टेक्ससच्या कुटुंबाची स्थिती मुळातच बरी आणि न्यू जर्सी-कॅलिफोर्नियाच्या कुटुंबाची अवघड, आणि कॉलेज कुठलंही निवडलं तरी हे फारसं बदलत नाही.

बारावीनंतर थेट, अमेरिकी पद्धतीने

शाळा संपतानाच पदवी आणि मेडिकल दोन्हींची जागा देणाऱ्या योजना आपल्या लोकांत फार लोकप्रिय आहेत. साहजिक आहे, त्या आपल्या ओळखीच्या वाटतात. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटीतल्या मेडिकल स्कूलची सहा वर्षांची योजना १९७१ पासून चालू आहे. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाची योजना सात वर्षांची. ब्राउनची आठ वर्षांची, आणि तिथे एमकॅटही नाही. जागा थोड्या, स्पर्धा प्रचंड. काही योजनांत ठरावीक जीपीए आणि एमकॅट टिकवावा लागतो, म्हणजे ‘हमी’ पूर्ण हमी नसते.

ज्या मुलाचा निश्चय पक्का आहे, ज्याने रुग्णालयात थोडंफार काम करून पाहिलं आहे, त्याच्यासाठी ही उत्तम वाट. पण सतराव्या वर्षी मुलाला डॉक्टर व्हायचंय की आईला, हे घरात कुणीतरी प्रामाणिकपणे विचारायला हवं. आपल्याकडे एमबीबीएस अर्ध्यात सोडता येत नाही म्हणून किती जण कुढत डॉक्टर झाले, हे आपण पाहिलेलं आहे. चार वर्षांच्या पदवीचा एक मोठा फायदा हाच, की मन बदलायला जागा असते.

व्हिसाचं कोडं

नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असलेल्या घरांना हा भाग वगळता येईल. ज्यांची मुलं एच-४, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या, व्हिसावर आहेत त्यांनी मात्र आधी हाच वाचावा. एच-४ एकविसाव्या वर्षी संपतो. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग इतकी लांब आहे, की तिथे लहानाची मोठी झालेली मुलं ऐन कॉलेजात विद्यार्थी व्हिसावर जातात आणि मेडिकलला अर्ज करताना ‘परदेशी’ ठरतात. बहुतेक मेडिकल स्कूल्स परदेशी अर्जदाराचा विचारच करत नाहीत. ज्या थोड्या करतात त्या बहुतांशी खासगी, आणि काही ठिकाणी पैसा आहे हे आधीच दाखवावं लागतं. सरकारी कर्ज तर मिळतच नाही. भारतातून थेट पदवीसाठी गेलेल्या मुलाची स्थितीही हीच.

अशा घराने कॉलेजचं नाव शोधण्याआधी कोणत्या मेडिकल स्कूल्स आपल्याला अर्ज करू देतात त्यांची यादी करावी, वकिलाशी बोलावं आणि दुसरी वाट ठरवून ठेवावी. ती वाट संशोधनाची असेल, सार्वजनिक आरोग्याची असेल, किंवा नीट देऊन भारतात एमबीबीएस करून पुढे रेसिडेन्सीसाठी परतण्याची. उशिरा कळलेलं हे सत्य फार महाग पडतं.

थोड्या बारीक गोष्टी

हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेल्या विषयांचे गुणही मेडिकलच्या जीपीएत मोजले जातात. गंमत म्हणून घेतलेल्या वर्गातला ‘सी’ अर्जापर्यंत सोबत येतो. हायस्कूलमध्येच दिलेल्या कॉलेज-दर्जाच्या एपी परीक्षेतल्या गुणांवर सुटलेला विषय काही मेडिकल स्कूल्स मान्य करत नाहीत. त्याऐवजी वरचा विषय कॉलेजात घ्यावा लागतो. आणि विज्ञान विषयांचा जीपीए वेगळा काढला जातो, त्यामुळे सोप्या विषयांनी तो फुगवता येत नाही.

निवाडा

हे सगळं मांडल्यावर माझं मत स्पष्ट आहे. बहुतेक मराठी घरांसाठी उत्तर आहे स्वतःच्या राज्याचं चांगलं सरकारी विद्यापीठ, जमल्यास त्याच्या ऑनर्स विभागात, कमीत कमी कर्जात. अबोल किंवा मागे पडल्यावर खचणाऱ्या मुलासाठी, पैशाची सोय असेल तर, छोटं कॉलेज. नामांकित कॉलेज तेव्हाच, जेव्हा ते मदतीमुळे स्वस्त पडतं, किंवा मुलाला ते डॉक्टरकी सोडूनही हवं आहे. सतराव्या वर्षी डॉक्टर व्हायचं म्हणणारी कितीतरी मुलं विसाव्या वर्षी दुसरंच काही म्हणतात, म्हणून कॉलेज असं निवडावं की मन बदललं तरी पश्चात्ताप होऊ नये.

बहुतेक कॉलेजांत जागा नक्की करून डिपॉझिट भरायची शेवटची तारीख १ मे, आपला महाराष्ट्र दिन. त्याआधी एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर प्रत्येक कॉलेजचा चार वर्षांचा पूर्ण खर्च एका कागदावर मांडा, शेजारी मेडिकलचे चार लाख मांडा, आणि तो कागद मुलासमोर ठेवा. निर्णय त्यालाच घेऊ द्या. केमिस्ट्रीच्या वर्गात तुम्ही नाही, तोच बसणार आहे.